बीडचा रस्ता आणि त्याचे राखणदार

रस्त्यांचा इतिहास बहुधा ते काढणारांच्या नांवें लिहिला जातो. अमक्या सुलतानानें सडक काढिली, तमक्या लाटसाहेबानें घाट फोडिला, अलीकडे कोणा मंत्र्यानें चौपदरी मार्गाची कोनशिला बसविली, अशीं वाक्यें शालेय पुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र आढळतात. परंतु रस्ता ही एकदां बांधून संपणारी वस्तु नव्हे. देऊळ शंभर वर्षें दुर्लक्षिलें तरी तें देऊळच राहतें. रस्ता तीन पावसाळे दुर्लक्षिला कीं त्याचा ओढा होतो. म्हणून रस्त्याचा खरा इतिहास म्हणजे त्याची डागडुजी करणाऱ्या कचेरीचा, आणि त्या कचेरीच्या हजेरीपटावर ज्यांचे अंगठे उमटले त्या माणसांचा इतिहास होय. प्रस्तुत लेखांत बीड जिल्ह्यापुरता तो पाहण्याचा विचार आहे. जिल्हा मुद्दामच निवडला आहे. बीड शहरास पहिली प्रवासी आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत धान्य, कापूस, रोगी, वऱ्हाडी, पोलीस आणि मतपेट्या या सर्वांची वाट एकच होती, आणि ती खडीची होती.

प्रथम जमिनीची जात सांगितली पाहिजे, कारण रस्त्याच्या कचेरीचा पहिला मित्र किंवा शत्रु तीच. बालाघाटाची रांग या जिल्ह्याचे दोन भाग करिते. उत्तरेस गोदावरीकांठचा सखल मुलूख, ज्यास गंगथडी म्हणतात. गेवराई व माजलगांव हे तालुके तिकडचे. तेथील काळी माती खोल आहे. ती उन्हाळ्यांत वीत वीत भेगाळते, पावसाळ्यांत फुगते, आणि तिच्यावर घातलेली खडी हळूहळू पोटांत घेते. मुरूम आणि दगड दुरून आणावा लागतो. दक्षिणेस डोंगरपठारावर, पाटोदा, धारूर या बाजूस, दगडास तोटा नाहीं. माती मात्र पातळ आणि पाण्याचा खडखडाट. म्हणजे जेथें पिकतें तेथें रस्ता टिकत नाहीं, आणि जेथें रस्ता टिकतो तेथून माणसें पोटासाठीं बाहेर जातात. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली तर पुढील पुष्कळसा इतिहास आपोआप उलगडतो.

जुन्या काळीं या मुलुखांतून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ घालून जात. पैठणहून पंढरपुरास निघणारी नाथांची पालखी याच बाजूनें जाई आणि आजही जाते. पण या वाटांस राखणदार नव्हता. पावसाळ्यांत वाट मोडे आणि सुगीनंतर पायांखालीं पुन्हां तयार होई. गोदावरीवर पूल नव्हता. त्याचें मोल १० ऑगस्ट १७६३ रोजीं निजामाच्या फौजेनें गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें भरलें. नदीस पूर आलेला, फौजेचा एक भाग पलीकडे उतरलेला, दुसरा अलीकडे अडकलेला. अशा वेळीं माधवराव व राघोबादादा यांनीं हल्ला केला आणि दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. बखरकारांस यांत पेशव्यांचें शौर्य दिसलें, व तें होतेंच. पण बांधकाम खात्यांत केस पांढरे झालेला मनुष्य त्यांत एक नसलेला पूलहि पाहील.

आधुनिक अर्थानें कचेरी आली ती हैदराबाद संस्थानाच्या राज्यकारभाराबरोबर. पहिला सालारजंग १८५३ सालीं दिवाण झाला आणि १८६५ च्या सुमारास त्यानें जिल्ह्यांची नवी बांधणी केली. महसूल, न्याय, पोलीस यांस जशीं वेगळालीं खातीं झालीं तसें बांधकामासही झालें. त्यास उर्दूंत 'तामीरात' म्हणत. फारसीच्या जागीं उर्दू ही दरबारी भाषा झाल्यावर रस्त्याचा हिशेबही तींत लिहिला जाऊं लागला. खडी फोडणारा मराठी, त्याच्यावरील मुकादम मराठी, आणि कागद उर्दू, अशी ती तऱ्हा होती. संस्थानाची नजर स्वाभाविकपणेंच राजधानीकडे असे. मनमाडहून हैदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० सालीं जालना-परभणीवरून पुरा झाला. बीड बाजूस राहिलें. दुसऱ्या अंगास बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं बार्शीस पोचली होती. बीडच्या दक्षिण भागास ती पेठ जवळची, पण बार्शी पडली इंग्रजी हद्दींत, आणि मध्यें संस्थानाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. ज्या दिशेनें माल जाऊं पाहतो त्या दिशेस सरकारला रस्ता फारसा नको, आणि ज्या दिशेस सरकारला रस्ता हवा तिकडे मालाला जावयाचें नाहीं, असा हा पेंच होता. मांजरा नदी बीडच्याच डोंगरांत उगम पावते. तिचें पाणी अडवून १९३१ सालीं पुरा झालेला निजामसागर मात्र तेलंगणांत आहे. तो धरणाच्या जागेचा गुण असेल. तरी सीमेवरच्या जिल्ह्याच्या पदरीं काय पडे याची ती एक खूण आम्हांस वाटते.

या कचेरीच्या इतिहासांत पहिलें ठळक पान दुष्काळाचें आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळानें व त्यामागून आलेल्या रोगराईनें बीड जिल्हा इतका खंगला कीं, १८९१ च्या खानेसुमारीशीं ताडून पाहतां १९०१ सालीं लाखाहून अधिक माणसें कमी भरलीं. अशा वेळीं सरकारनें काढावयाचीं कामें म्हणजे तलाव आणि रस्ते. रस्त्याच्या कामांत खडी फोडणें हें सर्वांत सोयीचें, कारण त्यास कसब लागत नाहीं, बायका-मुलेंही तें करूं शकतात, आणि केलेलें काम चट्टा रचून मोजतां येतें. शेजारच्या इंग्रजी मुलुखांत १८७७ सालीं काय घडलें तें प्रसिद्धच आहे. सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरील माणसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणिली, तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर काम सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडिले. खडीच्या ढिगाची मापें मोजतां मोजतां माणसाच्या पोटाचें माप किती धरावें, हा वाद तेव्हांपासूनचा आहे.

येथें थोडें विषयांतर क्षम्य ठरेल. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें लिमोझ म्हणून एक दरिद्री प्रांत होता. तेथें १७६१ पासून तुर्गो हा कारभारी होता आणि त्रेसागे हा त्याचा रस्त्यांचा इंजिनियर. शेतकऱ्यांकडून वेठीनें रस्ते करवून घेण्याची जुनी चाल तुर्गोनें मोडली. १७७० च्या दुष्काळांत त्यानें गरिबांस काम म्हणून रस्त्यांचीं कामें काढिलीं. त्रेसागेनें त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट सिद्ध केली. वर्षांतून दोनदां गांवचे गांव वेठीस धरून रस्ता दुरुस्त करण्यापेक्षां, दर थोड्या अंतरावर एक पगारी मनुष्य कायमचा नेमावा आणि त्यानें रोज थोडें थोडें काम करावें, हें स्वस्त पडतें व रस्ताही टिकतो. दुष्काळी काम आणि कायमची निगा या दोन्ही कल्पना अशा एकाच प्रांतांत, एकाच जोडीच्या हातून वाढीस लागल्या. आपल्या इकडे पहिली पुरी मुरली, दुसरी अर्धीच.

ती अर्धी जी मुरली ती मैलकुलीच्या रूपानें. रस्त्याचे ठराविक मैल त्याच्या स्वाधीन. त्याच्याजवळ फावडें, कुदळ, घमेलें आणि पाटी. गाडीच्या चाकांनीं पडलेली चाकोरी भरावयाची, बाजूची गटारें उकरावयाचीं, मोऱ्यांचीं तोंडें पालापाचोळ्यानें तुंबूं द्यावयाचीं नाहींत, साइडपट्टीवर मुरूम ओढावयाचा, नवीं लावलेलीं झाडें उन्हाळ्यांत जगवावयाचीं, आणि मोठ्या झाडांच्या बुंध्यांस चुन्याचे व गेरूचे पट्टे ओढावयाचे. कडुलिंब, वड आणि चिंच हीं झाडें या कामीं विशेष. चिंचेचा तर लिलाव होई आणि त्याचे पैसे सरकारजमा होत. मैलकुलीस रस्त्याचें शास्त्र कोणी शिकविलेलें नसे, पण त्याचें मर्म त्यास ठाऊक असे. रस्ता बिघडतो तो ओझ्यानें कमी आणि पाण्यानें जास्त. पाणी खडीच्या पोटांत शिरण्यापूर्वींच वळविलें कीं अर्धें काम झालें. स्कॉटलंडच्या मॅकॅडमनेंही याहून निराळें कांहीं सांगितलें नाहीं. त्यानें एवढीच भर घातली कीं, दगड सहा औंसांहून जड नसावा.

बैलगाडीच्या काळांत ही व्यवस्था पुरत असे. चाकाची लोखंडी धाव खडी चिरडते खरी, पण त्या चुऱ्यानेंच खडी एकमेकींस घट्ट धरून राहते. मोटार आली आणि हें गणित उलटलें. रबरी चाक चुरा शोषून धुळीच्या रूपानें उडवून देतें, आणि खाली राहते ती सुटी खडी. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ मोटारी घेऊन रस्त्यावरील प्रवासी वाहतूक सुरू केली. पुढें पांच-सात वर्षांत ही वाहतूक जशी पसरली तशी 'डांबर' हा शब्द आडबाजूच्या जिल्ह्यांसही ओळखीचा होऊं लागला. डांबराचा पैसा कोठून आणावा याचा विचार ब्रिटिश हिंदुस्थानांत आधींच झाला होता. १९२७ सालीं नेमलेल्या रस्ते-समितीचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते. पेट्रोलवर दर गॅलनास दोन आणे ज्यादा कर बसवून तो रस्त्यांकडे लावावा ही त्यांची सूचना, आणि तिच्यांतून १९२९ सालीं केंद्रीय रस्ते निधि निर्माण झाला. १९४३ च्या डिसेंबरांत नागपुरास मुख्य इंजिनियरांची परिषद भरली. तिनें राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशी वर्गवारी घातली आणि कोणतेंही गांव मुख्य रस्त्यापासून पांच मैलांहून दूर असूं नये असें उद्दिष्ट ठेविलें. जयकर मुंबईचे आणि परिषद नागपूरची. रस्त्यांच्या हिंदी राजनीतीचे हे दोन्ही टांके मराठी मुलुखांत घातले गेले, याची दखल आपल्याकडे फारशी घेतलेली दिसत नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान संपलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. एकाच रस्त्याचा हिशेब असा बारा वर्षांच्या आंत तीन राज्यांच्या वह्यांत चढला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हां रस्त्यांची वांटणी झाली: थोरले रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, खेड्यापाड्यांचे जिल्हा परिषदेकडे. या वांटणीनें कारभार लोकांच्या जवळ आला हें खरें. पण एकाच खेडुताची वाट अर्धी एका कचेरीची आणि अर्धी दुसरीची झाली, आणि दोहोंच्या सांध्यावर जो खड्डा पडे तो बराच काळ बेवारस राही, हेंही खरें.

मग १९७२ सालचा दुष्काळ आला. त्याआधींचीं दोन सालेंही ओढगस्तीचींच गेलीं होतीं. या दुष्काळाविषयीं मराठवाड्यांतील कोणत्याही घरांत आजीस विचारावें. ती तीन शब्द सांगते: मिलो, सुकडी आणि खडी. मिलो ही परदेशांतून आलेली तांबडी ज्वारी. सुकडी हें कामावर मिळणारें कोरडें पौष्टिक खाणें. आणि खडी हें तें काम. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसें होतीं. एखाद्या बांधकाम-कचेरीच्या दृष्टीनें याचा अर्थ काय होतो तो पाहा. जी कचेरी एरवीं मूठभर मैलकुली आणि चार मुकादम यांचा पगार वांटीत होती तिच्या हजेरीपटावर एकाएकीं गांवेंच्या गांवें आलीं. हातोड्या पुरेनात, मस्टरचे कागद पुरेनात, पगार वांटावयास कारकून पुरेनात. माळावर ओळीनें बसून बायका दगड फोडीत आहेत, जवळच लुगड्याच्या झोळींत मूल निजलें आहे, बोटांस चिंध्या गुंडाळल्या आहेत, संध्याकाळीं मुकादम लाकडी चौकट घेऊन ढीग मोजीत आहे, हें चित्र त्या वर्षीं जागोजाग दिसे. वतनदार पाटलाची सून आणि तिच्याच शेतावरची मजुरीण एकाच ओळींत बसल्याच्या आठवणी सांगणारीं माणसें अजून आहेत.

या कामांवर पुढें बरीच टीका झाली. माणसांकडून नुसती खडी फोडून घेतली, तिचा उपयोग कांहीं झाला नाहीं, असें म्हटलें जातें. आमच्या मतें ही टीका अर्धीच बरोबर आहे. त्या वर्षीं खडी हें रस्त्याचें काम नव्हतेंच. तें अन्नछत्र होतें, आणि अन्नछत्र म्हणून तें चाललें. इतक्या मोठ्या टंचाईंत १९०० सालासारखी माणसें मेलीं नाहींत, ही गोष्ट लहान नव्हे. टीकेचा खरा रोख पुढच्या दोन दशकांकडे हवा. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागेल त्यास काम देणें सरकारास बंधनकारक ठरविणारी ही कल्पना थोर होती, यांत शंका नाहीं. पण योजनेचा एक नियम असा कीं, खर्चांतील शंभरांपैकीं निदान साठ रुपये अकुशल मजुरीवर गेले पाहिजेत. मातीचा भराव मजुरीवर होतो. मोरीस सिमेंट लागतें, गवंडी लागतो. डांबरास यंत्र लागतें. तेव्हां जिल्हाभर मातीचे रस्ते उठले. ते नकाशावर आले, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यांत, मोरी नसलेल्या ओढ्यापाशीं, तुटले. पुढच्या टंचाईंत तोच भराव तीच माणसें पुन्हां घालूं लागलीं.

त्यावर कडी म्हणजे अंदाजपत्रकाची रीत. नवा रस्ता हा 'योजनांतर्गत' खर्च. जुन्या रस्त्याची दुरुस्ती हा 'योजनेतर'. काटकसरीची कात्री नेहमीं दुसऱ्यावर चाले, कारण योजनेतर म्हणजे जणूं अनुत्पादक अशी समजूत होती. केंद्राच्या अंदाजपत्रकांत हा भेद २०१७-१८ सालापासून काढून टाकण्यांत आला; तोंपर्यंत दोन पिढ्या इंजिनियर या शिकवणींत मुरले होते. नव्या रस्त्याचें उद्घाटन होतें, भरलेल्या खड्ड्याचें होत नाहीं. मैलकुलींचें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. १९६० नंतरच्या दशकांत कालेलकर निवाड्यानें रोजंदारीवर सलग पांच वर्षें राबलेल्या मजुरांस कायमपणाचे लाभ मिळाले. मैलकुलीचा पुढें 'मैलमजूर' झाला. रास्त गोष्ट होती, फार उशीरा झालेली. परंतु माणूस कायम होतांच तो खर्चाच्या तक्त्यांत डोळ्यांवर आला. तो निवृत्त झाला कीं त्याची जागा भरावयाची नाहीं, असें चालत गेलें, आणि त्याचें रोजचें काम वर्षांतून एकदां निघणाऱ्या निविदेंत गेलें. त्रेसागेनें अडीचशें वर्षांपूर्वीं जें सोडून द्या म्हणून सांगितलें होतें त्याचीच ही नवी आवृत्ति. फरक एवढाच कीं वेठीच्या जागीं ठेकेदार आहे.

आज जिल्ह्यांतून जाणारा सोलापूर-धुळे मार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वीं २११ होता व आतां ५२ आहे, पाहण्यासारखा झाला आहे. येडशीपासून छत्रपति संभाजीनगरपर्यंतचा सुमारें १८९ किलोमीटरांचा टप्पा खासगी कंपनीकडे सोंपवून चौपदरी करण्यांत आला. त्याची निगाही तिच्याकडेच, टोलाच्या बदल्यांत. मांजरसुंब्याच्या घाटांत जेथें एकेकाळीं एस. टी. धापा टाकीत चढे तेथें आतां मोटार चढ आहे हें विसरून जाते. रुंदीकरणांत गेरूचे पट्टे असलेलीं जुनीं झाडें गेलीं. हा मार्ग चांगला राखला जातो, कारण त्याची निगा हा कोणाच्या तरी नफ्याचा भाग आहे. त्याला येऊन मिळणाऱ्या लहान रस्त्यांस टोल नाहीं, म्हणून असा धनीही नाहीं. आम्ही स्वत: एका श्रावणांत या जिल्ह्यांत एका फरशी पुलापाशीं एस. टी. मध्यें तीन तास पाणी उतरण्याची वाट पाहिली आहे. गाडींत एक बाळंतीण होती. चालकानें मध्येंच खालीं उतरून मोरीच्या तोंडांत अडकलेलें बाभळीचें झांकर काठीनें ओढून काढिलें. अर्ध्या तासांत पाणी वीतभर उतरलें.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या लहान रस्त्यांनीं एक निराळीच वाहतूक सुरू होते. शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. ट्रकांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत, कोठें अजून बैलगाडींतहि, भांडीं, सरपण, कोंबड्या आणि लेंकरें घेऊन तीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. यांतील कित्येकांच्या आयांनीं व आज्यांनीं याच रस्त्यांची खडी फोडली आहे. ती दुष्काळाची खडी आतां डांबराच्या चार थरांखालीं आहे.

मृगापूर्वीं मोऱ्या साफ कराव्या आणि खड्डे भरावे, असा हुकूम अजूनही दरसाल निघतो. बीड व अंबाजोगाई येथील बांधकाम विभागांत त्याच्या निविदा, दर, मोजमाप-पुस्तकांतील नोंदी, सारें रीतसर होतें. त्यांत पंधरवडा सहज जातो, आणि पाऊस कधीं कधीं रोहिणींतच पडतो.